बॅक्युला : डिस्कवर जागा असूनही फुल बॅकअपला व्हॉल्यूम मिळत नाही

प्रश्न : विश्रामबाग, सांगली

नमस्कार.

सांगलीतील एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागाचे काम मी पाहते. मिरज, तासगाव आणि विटा येथील शाखांचे दिवसभराचे व्यवहार संध्याकाळनंतर मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर जमा होतात. पिग्मी प्रतिनिधींचा भरणा चढवून होईपर्यंत रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात, म्हणून बॅकअपची वेळ अकराची ठेवलेली आहे. बॅकअपसाठी डेबियन ११ (लिनक्स) वर बॅक्युला ९.६ हे बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवलेले असून त्याचा कॅटलॉग, म्हणजे कोणता बॅकअप कुठे लिहिला याची नोंदवही, पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. टेप नाही, सर्व बॅकअप ४ टीबीच्या एका स्वतंत्र डिस्कवर फाइलींच्या रूपाने लिहिला जातो; अशा प्रत्येक फाइलीला बॅक्युला ‘व्हॉल्यूम’ म्हणतो.

व्हॉल्यूमचे गट, म्हणजे पूल, दोन आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणारा फुल बॅकअप एका पूलमध्ये जातो आणि बाकीच्या रात्रींचा इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेल्या फाइलींपुरता) दुसऱ्यात. फुलच्या पूलमध्ये एका व्हॉल्यूमचा कमाल आकार ५० जीबी, व्हॉल्यूमची कमाल संख्या ४०, ऑटोप्रून (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप छाटणे) आणि रिसायकल (व्हॉल्यूम पुन्हा वापरणे) दोन्ही ‘येस’, आणि नवे व्हॉल्यूम आपोआप तयार व्हावेत म्हणून लेबल फॉरमॅटही (त्यांच्या नावाचा नमुना) दिलेला आहे. स्कॅन केलेली कर्जप्रकरणे धरून एक फुल बॅकअप साडेचारशे ते पाचशे जीबीचा होतो.

फेब्रुवारी ते मे या महिन्यांतले फुल बॅकअप विनातक्रार पूर्ण झाले. ६ जूनच्या रात्री सुरू झालेला मात्र सुमारे १२० जीबी लिहून थांबला. बीकन्सोलमध्ये, म्हणजे बॅक्युलाला कमांड देण्याच्या खिडकीत, ‘कॅनॉट फाइंड एनी अपेंडेबल व्हॉल्यूम्स’ (लिहिण्याजोगा व्हॉल्यूम सापडत नाही) असा संदेश येतो आणि त्याखाली ‘लेबल’ ही कमांड वापरून नवा व्हॉल्यूम तयार करावा अशी सूचना असते. त्यानंतरच्या रात्रींचे इन्क्रिमेंटलही त्याच्यामागे रांगेत उभे आहेत. ‘डीएफ’ या मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडने पाहिले तर डिस्कवर एक टीबीहून अधिक जागा मोकळी दिसते.

बॅक्युलाचे तिन्ही डीमन (पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्राम) चालू आहेत. ‘लिस्ट मीडिया’च्या यादीत फुलच्या पूलमधील सगळ्या व्हॉल्यूमची स्थिती ‘फुल’ (भरलेला) असून रिटेन्शनच्या, म्हणजे जपण्याच्या मुदतीच्या, रकान्यात ३१५३६००० हा आकडा आहे. पूलमध्ये पूर्वी रिटेन्शन लिहिलेलेच नव्हते. आता ‘व्हॉल्यूम रिटेन्शन’ ९० दिवस अशी ओळ घालून ‘रीलोड’ दिले, तरी यादीतील आकडा बदलला नाही आणि अडलेला जॉबही (बॅकअपचे कामही) हलला नाही. इन्क्रिमेंटलच्या पूलमधील दोन व्हॉल्यूम ‘एरर’ स्थितीत आहेत, हेही सांगून ठेवते. मे महिन्यात एका रात्री वीज गेली होती, तेव्हापासून ते तसे असावेत.

फेब्रुवारीच्या फाइली डिस्कवरून हाताने काढून टाकाव्यात, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का? पावसाळा तोंडावर आला असून त्याआधी बॅकअपची एक प्रत मिरज शाखेत हलवावी असा संचालक मंडळाचा आग्रह आहे, त्यामुळे जूनचा फुल बॅकअप अर्धवट राहून चालणार नाही.


उत्तर : मिरज

नमस्कार. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात नुकसान होण्याचा धोका आहे. व्हॉल्यूमच्या फाइली डिस्कवरून हाताने काढू नका. फाइल गेली तरी कॅटलॉगमधील तिची नोंद जात नाही. बॅक्युलाच्या लेखी ते ४० व्हॉल्यूम ४० च राहतील, त्यामुळे अडलेला जॉब तसाच अडून राहील. आणि पुढे कधी फेब्रुवारीतील काही परत मिळवायची वेळ आली, तर कॅटलॉग ज्या फाइलीकडे बोट दाखवील ती जागेवर नसेल.

तुमची अडचण डिस्कवरच्या जागेची नाहीच. बॅक्युलाला व्हॉल्यूम हवा असतो तेव्हा डायरेक्टर (बॅक्युलाचा मुख्य डीमन) डिस्क पाहत नाही, तो कॅटलॉग पाहतो, आणि त्याचा शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम त्या पूलमध्ये, त्याच मीडिया टाइपचा (साठवणीच्या प्रकाराचा), ‘अपेंड’ (अजून लिहिता येण्याजोग्या) स्थितीतील व्हॉल्यूम आहे का हे तो बघतो. नसेल तर ‘रिसायकल’ किंवा ‘पर्ज्ड’ झालेला, म्हणजे नोंदी काढून मोकळा झालेला, एखादा शोधतो. तोही नसेल तर रिटेन्शनची मुदत संपलेल्या व्हॉल्यूमच्या नोंदी छाटून एखादा मोकळा होतो का, हे तपासतो. त्यानंतर ‘स्क्रॅच’ नावाचा (राखीव व्हॉल्यूमचा) पूल असेल तर त्यातून एक उचलतो, आणि त्यानंतरच लेबल फॉरमॅट वापरून नवा व्हॉल्यूम बनवण्याचा प्रयत्न करतो. पूलमध्ये ‘रिसायकल ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ किंवा ‘पर्ज ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ सांगितलेले असेल तर त्यांची पाळी त्यापुढे येते. यांपैकी काहीच जमले नाही, की तो थांबतो आणि माणसाला विचारतो. तुम्हाला दिसणारा संदेश म्हणजे हाच शेवटचा टप्पा.

आता हा क्रम तुमच्या यादीला लावून पाहा. ‘अपेंड’ स्थितीतला एकही नाही. मोकळा झालेलाही नाही, कारण रिटेन्शनचा आकडा ३१५३६००० सेकंद, म्हणजे बरोबर ३६५ दिवस आहे, आणि तुमचा सर्वांत जुना फुल बॅकअप ७ फेब्रुवारीचा आहे. रिटेन्शन लिहिलेले नसेल तर बॅक्युला एक वर्ष धरतो. नवा व्हॉल्यूमही बनत नाही, कारण संख्या ४० वर पोहोचली आहे. ‘लिस्ट पूल्स’ ही कमांड देऊन पाहा. नमव्हॉल्स (सध्याची संख्या) आणि मॅक्सव्हॉल्स (कमाल संख्या) या दोन्ही रकान्यांत ४० दिसेल. चार फुल बॅकअप प्रत्येकी सरासरी ४७० जीबीचे धरले तर १८८० जीबी होतात, म्हणजे ३८ वा व्हॉल्यूम अर्ध्याहून जास्त भरलेला. जूनच्या जॉबने तो उरलेला भाग आणि पुढचे दोन व्हॉल्यूम भरले. १२० जीबीवर तो थांबला, याचा हिशेब असा तंतोतंत लागतो.

९० दिवस लिहूनही फरक का पडला नाही, हा यातला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा भाग आहे. पूलमध्ये लिहिलेले रिटेन्शन, कमाल आकार, वापराचा कालावधी हे सर्व व्हॉल्यूम तयार होताना त्याच्या स्वतःच्या नोंदीत उतरवले जाते, आणि त्यानंतर ती नोंद पूलकडे बघत नाही. तुमच्याच संस्थेत मुदत ठेवींचे दर आणि मुदती बदलल्या तरी आधी दिलेल्या ठेव पावत्यांवर जे छापले आहे तेच लागू राहते, तसे हे आहे. ‘रीलोड’ने पूलची व्याख्या बदलली आहे. जुन्या पावत्या बदलायच्या असतील तर ते वेगळे सांगावे लागते.

त्यासाठी बीकन्सोलमध्ये ‘अपडेट’ द्या, त्यातून व्हॉल्यूम पॅरामीटर्स निवडा आणि पुढे आलेल्या यादीतून ‘ऑल व्हॉल्यूम्स फ्रॉम पूल’ निवडून फुलचा पूल सांगा. मग पुन्हा ‘लिस्ट मीडिया’ पाहा. रिटेन्शन ७७७६००० दिसले पाहिजे. अडलेला जॉब रद्द करण्याची आवश्यकता नाही. त्या स्टोरेजसाठी ‘माउंट’ कमांड दिली की थांबलेला जॉब जागा होऊन पुन्हा व्हॉल्यूम शोधू लागतो, आणि या वेळी फेब्रुवारीच्या व्हॉल्यूमची मुदत संपलेली असल्यामुळे ते त्याला मिळतील. जूनचे सुमारे ३८० जीबी लिहायचे उरले आहेत, म्हणजे आठ व्हॉल्यूम लागतील. फेब्रुवारीतून तेवढे सुटतात.

मात्र ‘माउंट’ देण्याआधी ‘लिस्ट जॉब्स’मध्ये मार्च, एप्रिल आणि मे यांचे फुल जॉब ‘टी’ या खुणेने, म्हणजे व्यवस्थित पूर्ण झालेले दिसतात याची खात्री करून घ्या. फेब्रुवारीचे व्हॉल्यूम एकदा पुन्हा लिहिले गेले की तो बॅकअप परत येत नाही. ‘पर्ज’ ही कमांड तर अशा वेळी वापरूच नये. ती रिटेन्शनची पर्वा न करता नोंदी काढून टाकते, आणि घाईत चुकून मे महिन्याचा व्हॉल्यूम निवडला गेला तरी तुम्हाला अडवत नाही.


उत्तर : सातारा

वरील निदान अचूक आहे आणि जॉब त्याने नक्की सुटेल. तरीही ९० दिवस आणि ४० व्हॉल्यूम हे दोन आकडे तसेच ठेवले तर ही अडचण पुन्हा येऊ शकते, म्हणून हिशेब थोडा सविस्तर मांडतो. साताऱ्यात एका दवाखान्याच्या आणि एका शिक्षण संस्थेच्या सर्व्हरवर मी अशीच मांडणी सांभाळतो. माझा अनुभव असा आहे की अशा प्रसंगी लोक कमांड विचारतात, तो प्रश्न सुटतो, आणि मुदतीचा हिशेब करायचा राहूनच जातो. खरे काम त्या हिशेबात आहे.

पहिली गोष्ट, रिटेन्शन मोजले जाते ते व्हॉल्यूमवर शेवटचे लिहिले गेल्याच्या क्षणापासून. ७ मार्चच्या रात्री अकराला सुरू झालेला फुल बॅकअप ८ मार्चच्या सकाळी संपला असेल तर त्याच्या शेवटच्या व्हॉल्यूमची ९० दिवसांची मुदत ६ जूनच्या सकाळी संपते. म्हणजे ६ जूनच्या रात्री तो जेमतेम मोकळा होतो. तोच बॅकअप काही कारणाने लांबून ८ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत चालला असता, तर ६ जूनच्या रात्री अकराला तो अजून मुदतीत धरला गेला असता.

दुसरी गोष्ट, महिन्याचा पहिला शनिवार ही तारीख सरकत राहते. तीन महिन्यांनी येणारा पहिला शनिवार बहुधा ९१ दिवसांनी येतो, पण नेहमी नाही. ७ फेब्रुवारी ते २ मे हे अंतर ८४ दिवसांचेच आहे. तुम्हाला हाताशी तीन महिन्यांचे फुल बॅकअप असावेत आणि चौथा लिहिताना सर्वांत जुना सुटावा अशी अपेक्षा असेल, तर ९० ऐवजी ८० दिवस लिहा. ९० च ठेवायचे असेल तर कधीकधी चार फुल बॅकअप एका वेळी पूलमध्ये असतील हे गृहीत धरून, आणखी एकाची जागा हाताशी राहील इतकी संख्या वाढवा. एक फुल बॅकअप आता दहा व्हॉल्यूमपर्यंत जातो, तेव्हा पाचांना ५० व्हॉल्यूम लागतील.

५० व्हॉल्यूम म्हणजे २५०० जीबी. इन्क्रिमेंटलचा पूल पाचशे जीबीच्या आसपास असावा असे तुम्ही दिलेल्या मोकळ्या जागेवरून वाटते. ४ टीबीच्या डिस्कवर एवढे सहज बसते, पण एक लक्षात घ्या: डिस्कवर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम असेल तर ५ टक्के जागा मुळात रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि डेबियनमध्ये स्टोरेज डीमन (डिस्कवर लिहिणारा) रूट म्हणून चालत नाही. त्यामुळे सुमारे २०० जीबी बॅक्युलाच्या वाट्याला येतच नाहीत. कमाल संख्या काढून टाकून ‘डिस्क भरेपर्यंत लिही’ असे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संख्येची मर्यादा गाठली गेली तर बॅक्युला थांबून विचारतो. डिस्क भरली तर जॉब मध्येच अडतो आणि त्याच डिस्कवर लिहिणारे बाकीचे सगळे पूलही त्याच्याबरोबर अडतात.

तिसरी गोष्ट, एक व्हॉल्यूम दोन महिन्यांत विभागला जातो तेव्हा काय होते ते पाहा. फेब्रुवारीचा शेवटचा व्हॉल्यूम पूर्ण भरला नाही तर तो ‘अपेंड’ राहतो आणि मार्चचा बॅकअप त्यातच सुरू होतो. शेवटचे लेखन मार्चमधले झाल्यामुळे तो मार्चच्या मुदतीने बांधला जातो, आणि फेब्रुवारीचा म्हणून तो सुटेल ही अपेक्षा चुकते. त्यासाठी फुलच्या पूलमध्ये ‘व्हॉल्यूम यूज ड्युरेशन’ दोन दिवस ठेवा. दोन दिवस उलटले की तो व्हॉल्यूम अर्धवट असला तरी ‘यूज्ड’ होतो आणि पुढचा महिना कोऱ्या व्हॉल्यूमपासून सुरू होतो. थोडी जागा वाया जाते, पण प्रत्येक महिन्याचा बॅकअप स्वतंत्र राहतो आणि हिशेब डोक्यात मांडता येतो. ‘मॅक्सिमम व्हॉल्यूम जॉब्स’ एक ठेवूनही हेच साधते, परंतु त्या रात्री सर्व्हरशिवाय आणखी एखाद्या संगणकाचा फुल जॉब चालत असेल तर प्रत्येकासाठी वेगळा व्हॉल्यूम उघडला जाईल.

इन्क्रिमेंटलच्या मुदतीचाही विचार करा. २ मे ते ६ जून हे अंतर ३५ दिवसांचे होते. इन्क्रिमेंटलचे रिटेन्शन ३० दिवस असेल तर पुढचा फुल होण्याआधीच साखळीतील पहिल्या कड्या तुटू शकतात, आणि फुल बॅकअप आत्तासारखा अडला तर धोका आणखी वाढतो. किमान ४५ दिवस ठेवा. फेब्रुवारीतील एखाद्या मधल्या तारखेची स्थिती तीन महिन्यांनंतरही मिळावी असे वाटत असेल, तर इन्क्रिमेंटलची मुदत फुलइतकीच हवी. एरवी जुन्या महिन्यांसाठी फक्त फुलच्या रात्रीची स्थिती मिळेल.

याच संदर्भात क्लायंटच्या (ज्या संगणकाचा बॅकअप घेतला जातो त्याच्या) व्याख्येतील फाइल रिटेन्शन तपासा. ते लिहिलेले नसेल तर ६० दिवस धरले जाते. व्हॉल्यूम ९० दिवस जपला तरी ६० दिवसांनंतर कॅटलॉगमधून फाइलींची यादी छाटली जाऊ शकते, आणि मग एखादे विशिष्ट कर्जप्रकरण निवडून परत आणता येत नाही, तो संपूर्ण जॉब उतरवावा लागतो. हे १०० दिवस करून टाका. कॅटलॉग थोडा फुगेल, पण तुमच्या आकाराच्या संस्थेत त्याचा त्रास होऊ नये.


उत्तर : कुपवाड एमआयडीसी

दोन ‘एरर’ व्हॉल्यूमविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. लिहीत असताना वीज गेली की बऱ्याचदा असे होते: कॅटलॉगमध्ये व्हॉल्यूमचा जो आकार नोंदलेला असतो त्यापेक्षा डिस्कवरची फाइल लहान भरते. पुढच्या वेळी स्टोरेज डीमन तो उघडतो, आकार जुळत नाहीत हे त्याच्या ध्यानात येते आणि तो त्या व्हॉल्यूमवर ‘एरर’चा शिक्का मारून बाजूला ठेवतो. त्यावर आधी लिहिलेले जॉब वाचता येतात. फक्त पुढे लिहिण्यासाठी तो निवडला जात नाही. पण पूलच्या संख्येत तो मोजला जातो. असे व्हॉल्यूम साठत गेले तर इन्क्रिमेंटलचा पूलही याच संदेशावर येऊन थांबेल. ‘अपडेट’मधून त्यांची स्थिती ‘यूज्ड’ करून ठेवा, म्हणजे ते आपली मुदत भरतील आणि यथाकाळ रिसायकल होतील. ‘अपेंड’ मात्र करू नका. सर्व्हरला यूपीएस आहे असे मी धरतो. बॅकअपची डिस्क बाहेरच्या डब्यात असेल आणि तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर असेल, तर तो अ‍ॅडॅप्टरही यूपीएसवरच लावलेला आहे का हे एकदा स्वतः जाऊन पाहा.

वीज येऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर डिस्क माउंट झालेली (तिच्या फोल्डरला जोडली गेलेली) नसणे, हा याच संदेशामागचा दुसरा नेहमीचा प्रकार आहे. तुमच्याकडे तसे झालेले दिसत नाही, तरी मिरजेसाठी दुसरी डिस्क लावणार असाल म्हणून सांगतो. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) डिस्कचे नाव एसडीबी, एसडीसी असे देऊ नका, कारण दोन डिस्क झाल्या की ही नावे अदलाबदल होऊ शकतात, यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा क्रमांक) द्या. आणि ज्या रिकाम्या फोल्डरवर डिस्क माउंट होते त्याची मालकी रूटकडेच ठेवून त्यात इतरांना लिहिण्याची मुभा देऊ नका. मालकी ‘बॅक्युला’ या वापरकर्त्याकडे आणि ‘टेप’ या गटाकडे असायला हवी ती माउंट झाल्यानंतर दिसणाऱ्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या, फोल्डरची. असे केले की डिस्क नसताना बॅक्युलाला तिथे लिहिताच येत नाही आणि तो तक्रार करतो. तसे केले नाही, तर तो मुकाट्याने सर्व्हरच्या मूळ डिस्कवर नवे व्हॉल्यूम लिहू लागतो आणि ती भरली की सगळा सर्व्हरच बसतो.

दुसऱ्या डिस्कला डिव्हाइस म्हणून जोडताना तिचा मीडिया टाइप पहिलीपेक्षा वेगळा द्या. दोन्हींना ‘फाइल’ असाच मीडिया टाइप असेल, तर एका डिस्कवरचा व्हॉल्यूम दुसऱ्या डिव्हाइसवरही चालेल असे डायरेक्टर समजतो, आणि नेमके रिस्टोअरच्या वेळी तो चुकीच्या डिस्कवर फाइल शोधत बसतो. हाच नियम लावून फुल आणि इन्क्रिमेंटल यांच्यासाठीही दोन वेगळी डिव्हाइस, दोन वेगळे फोल्डर आणि दोन वेगळे मीडिया टाइप करा. डिस्क एकच असली तरी चालते. एक डिव्हाइस एका वेळी एकाच व्हॉल्यूमवर लिहू शकते. तुमचे इन्क्रिमेंटल रांगेत अडले ते डिव्हाइस जूनच्या फुल जॉबने धरून ठेवल्यामुळे. फुल अडला म्हणून रोजचे व्यवहार बॅकअपविना राहावेत, हे पतसंस्थेला परवडणारे नाही.


प्रश्नकर्तीचे पुढील टिपण : विश्रामबाग, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मार्च, एप्रिल आणि मे यांचे फुल जॉब पूर्ण असल्याची खात्री करून घेतली, ‘अपडेट’मधून सर्व व्हॉल्यूमना पूलचे नवे रिटेन्शन लावले आणि ‘माउंट’ दिले. फेब्रुवारीतील पहिला व्हॉल्यूम रिसायकल झाल्याचा संदेश लगेच आला, जूनचा फुल बॅकअप पूर्ण झाला आणि त्यामागे रांगेत असलेले इन्क्रिमेंटलही एकामागोमाग एक उरकले. त्यानंतर विटा शाखेच्या एका कर्जप्रकरणाचे फोल्डर वेगळ्या जागी रिस्टोअर करून मूळ फाइलींशी ताडून पाहिले, दोन्ही जुळले. ‘एरर’मधील दोन्ही व्हॉल्यूम ‘यूज्ड’ केले आहेत. कमाल संख्या ५०, वापराचा कालावधी दोन दिवस आणि फाइल रिटेन्शन १०० दिवस हे बदल केले असून डिव्हाइस वेगळी करण्याचे काम येत्या रविवारी घेते.

एक शंका उरली आहे. ४ एप्रिलच्या फुल बॅकअपमध्ये ३१ मार्चअखेरची सर्व खाती आहेत. लेखापरीक्षण होऊन आक्षेपांची पूर्तता होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, ही प्रत जपावी असे मंडळाचे म्हणणे आहे. आता ९० दिवसांच्या मुदतीमुळे ती जुलैतच पुसली जाईल. तेवढ्याच व्हॉल्यूमचे रिटेन्शन हाताने वाढवले तर पुरेल का?


उत्तर : सातारा

हाताने वाढवलेले रिटेन्शन टिकेल, पण पुढे कधीतरी तुम्ही किंवा तुमच्यानंतर येणारी व्यक्ती पुन्हा ‘ऑल व्हॉल्यूम्स फ्रॉम पूल’ निवडेल आणि त्या क्षणी त्या व्हॉल्यूमवरही ९० दिवसच चढतील. म्हणून वार्षिक प्रतीसाठी तिसरा पूल करा. त्यात रिसायकल ‘नो’, ऑटोप्रून ‘नो’ आणि रिटेन्शन मंडळ ठरवील तितक्या वर्षांचे ठेवा. मग ‘लिस्ट जॉबमीडिया’मध्ये ४ एप्रिलच्या जॉबचा क्रमांक देऊन त्याचे व्हॉल्यूम कोणकोणते आहेत ते पाहा, आणि ‘अपडेट’मधून एकेका व्हॉल्यूमचा पूल बदलून त्याला वार्षिक पूलमध्ये हलवा. हलवल्यानंतर त्या व्हॉल्यूमना नव्या पूलची मूल्ये लावण्यासाठी ‘ऑल व्हॉल्यूम्स फ्रॉम पूल’ याच पूलसाठी एकदा द्या, आणि यादीत रिटेन्शन व रिसायकलचे रकाने डोळ्यांनी वाचून घ्या. त्यांतल्या पहिल्या व्हॉल्यूमवर मार्चचा शेवट आणि शेवटच्या व्हॉल्यूमवर मेची सुरुवात असण्याची शक्यता आहे. त्याने काही बिघडत नाही, रिस्टोअर पूल न पाहता कॅटलॉगवरून चालतो.

४ जुलैच्या फुल बॅकअपच्या आधी हे उरका. क्लायंटचे जॉब रिटेन्शनही वाढवावे लागेल, कारण ते लिहिलेले नसेल तर १८० दिवसांनी जॉबची नोंदच छाटली जाते, आणि मग व्हॉल्यूम शाबूत असूनही ‘बीस्कॅन’ने तो वाचून नोंदी पुन्हा उभ्या कराव्या लागतात. ते शक्य आहे, पण लेखापरीक्षक समोर बसलेले असताना करण्याजोगे काम नाही.

मिरजेला नेण्याच्या डिस्कवर हे वार्षिक व्हॉल्यूम आणि जूनचे व्हॉल्यूम ‘आरसिंक’ या नकल करण्याच्या कमांडने उतरवा, तेही कोणताही जॉब चालू नसताना, आणि त्यांच्याबरोबर कॅटलॉगचा डम्प (संपूर्ण प्रत), बूटस्ट्रॅप फाइली (रिस्टोअरला काय कुठे वाचायचे हे सांगणाऱ्या) व बॅक्युलाच्या कॉन्फिगरेशन फाइली आवर्जून द्या. कॅटलॉग नसेल तर त्या डिस्कवरच्या व्हॉल्यूममधून काय कुठे आहे हे शोधण्यातच दिवस जातील. सभासदांची सगळी माहिती तीत असल्याने डिस्क एलयूकेएसने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीने) एन्क्रिप्ट करा आणि तिची किल्ली मुख्य कार्यालयाच्या तिजोरीखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा मिरज शाखेतही डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवण्याविषयी शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवा.